खाडा



पाण्याच्या दिवसापासून सुरुवात करतो. पाण्याचा दिवस म्हणजे काय, हे सोलापूरकराला सांगावे लागत नाही. चार दिवसांनी, कधी पाच दिवसांनी नळ येतो. पहाटे येतो, भर दुपारी येतो, रात्री अकरालाही येतो. त्या दिवशी घरात एक माणूस थांबलेच पाहिजे, नाही तर पुढचे चार दिवस शेजाऱ्याच्या पिंपाकडे बघत काढायचे. थांबणारे माणूस बहुतेक घरांत बाईच असते.

काही वर्षांपूर्वी अशीच एक बाई माझ्याकडे आली. वस्तीत सगळे तिला अक्का म्हणत. टॉवेलच्या एका कारखान्यात नऊ वर्षे टॉवेलांच्या कडा शिवायच्या, घड्या घालायच्या, डझनाचे गठ्ठे बांधायचे, हे तिचे काम. कारखान्याचे नाव मी सांगणार नाही, त्याची गरजही नाही. एका सोमवारी ती कामावर गेली तेव्हा दारातच तिला कागद मिळाला. ‘वारंवार विनापरवाना गैरहजर राहण्याच्या गैरवर्तनाबद्दल आपणांस कामावरून कमी करण्यात येत आहे.’ खाली मालकाची सही, सोबत मस्टरची झेरॉक्स. मस्टरवर लाल शाईच्या फुल्या. वर्षात एकतीस.

मी विचारले, “अक्का, एवढे खाडे कशाचे?”

ती म्हणाली, “साहेब, नळ काय मला इचारून येतंय होय?”

मग तिने पिशवीतून घडी करून आणलेले भिंतीवरचे कालनिर्णय काढले. गेल्या वर्षाचे, कोपरे तेलकट झालेले. दुधाचा हिशेब मांडतात त्याच चौकोनांत तिने आपल्या खाड्यांचाही हिशेब ठेवला होता. काही चौकोनांत ‘पा’ लिहिलेले, म्हणजे पाणी. काहींत ‘सासू द’, म्हणजे सासूचा दवाखाना. जुलैमध्ये सलग पाच दिवस ‘ताप’, आणि त्याच पानाला टाचणीने लावलेला विम्याच्या दवाखान्याचा दाखला. एकतीसपैकी एकोणतीस फुल्यांना तिच्याकडे कारण होते. उरलेल्या दोन दिवसांचे तिला आठवत नव्हते आणि ते तिने प्रामाणिकपणे सांगितले.

आज मला बोलायचे आहे ते या दोन कागदांविषयी. मस्टर सांगते की माणूस आला नाही. का आला नाही हे कालनिर्णय सांगते. आपल्याकडे नोकरी जाते ती पहिल्या कागदावर, आणि दुसरा कागद बघायला कोणी मागतच नाही. त्याहून वाईट म्हणजे, नोकरी गेल्यावर त्या माणसाला हक्काचे काय मिळणार, हेही पहिल्या कागदावरच्या एका शब्दावर ठरते.

खाडा हा शब्द या शहराला फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात इथे जुनी गिरणी उभी राहिली. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू आणि जाम मिल आली, आणि गाव भोंग्यावर उठू लागले. मुंबई सरकारचे ‘लेबर गॅझेट’ मुंबई आणि अहमदाबादबरोबर सोलापूरच्या गिरण्यांमधल्या गैरहजेरीचेही आकडे छापत असे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही आमचे खाडे मोजले जात होतेच. ते का पडत, हे मात्र ज्याच्या घरात पडत त्यालाच ठाऊक होते. उन्हाळ्यात साच्याखात्यात भट्टी पेटल्यासारखे व्हायचे. लग्नसराई आली की गावाकडचे बोलावणे यायचे. पेरणी आली की भावाला हात लागायचे. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा, आषाढीला पंढरपूर, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ. गिरणीतला माणूस अर्धा शेतकरीच होता, आणि मस्टरला शेत दिसत नाही.

माझे वडील बदलीवाले होते. रोज पहाटे दरवाज्यावर उभे राहायचे, आणि कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर मुकादम आत घ्यायचा. दुसऱ्याचा खाडा पडला तर आमच्या घरी पगार. आई सकाळी चूल पेटवण्याआधी दाराकडे बघायची. वडील परतले तर आज काम नाही, परतले नाहीत तर आहे. मला हे आठवते, कारण नंतर मी गैरहजेरीचे खटले लढवताना खाड्याला नुसता गुन्हा म्हणू शकलो नाही आणि नुसता हक्कही म्हणू शकलो नाही. खाडा पडला की साचा थांबतो, हे खरे आहे. चार माग टाकून, सूत उधारीवर आणून, व्यापाऱ्याला तारीख देऊन बसलेल्या मागवाल्याचा माणूस सांगितल्याशिवाय आला नाही तर त्याची कुचंबणा होते. ती मी पाहिली आहे आणि तिला कमी लेखत नाही.

याच शहरात हजेरीचा आणखी एक अर्थ होता. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि त्यातून पुढे सोलापुरात तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत झाली. आजही आपण त्या भागाला सेटलमेंटच म्हणतो. तिथली माणसे गिरण्यांत राबायची आणि शिवाय हजेरी द्यायची. काम चुकले तर पगार कापला जाई, पण हजेरी चुकली तर तो गुन्हा ठरे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला कानपूर आणि दिल्लीत कामगार राज्य विमा योजना सुरू झाली होती. तिची आखणी बी. पी. अडारकर यांनी १९४४ च्या अहवालात केली. ते काम डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असतानाचे. म्हणजे एकाच वर्षात या देशाने गैरहजेरीला गुन्हा मानणारा कायदा पुसला आणि आजाऱ्याच्या गैरहजेरीला पैसे देणारी योजना चालू केली. १९५२ हे साल मला म्हणून फार मोलाचे वाटते.

विम्याच्या कायद्याचे ७३ वे कलम इथे बसलेल्या प्रत्येक कामगाराने लक्षात ठेवावे असे होते. आजारपणाचा भत्ता चालू असताना कामगाराला कामावरून काढता येणार नाही, आणि त्या काळात दिलेली काढण्याची नोटीसही चालणार नाही, असे ते सांगत होते. आजारपणाचा भत्ता सरासरी रोजच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. क्षयरोगासारख्या लांबणाऱ्या आजाराला अटी पुऱ्या झाल्या तर दोन वर्षांपर्यंत, ८० टक्क्यांनी. यंत्रमागाच्या कापूस उडणाऱ्या खोलीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्याला हे आकडे तोंडपाठ हवेत. माझा अनुभव असा की दहातल्या आठांना ते माहीत नसतात. खोकला वाढला की माणूस गावाकडे जातो, गावच्या डॉक्टरकडे सुया घेतो, बरे वाटले की परततो, आणि तोवर मस्टरवर नाव उरलेले नसते. विम्याच्या दवाखान्यात गेला असता तर त्याच दिवसांचा त्याला पैसा मिळाला असता आणि वर नोकरीला कवच राहिले असते.

आता ‘नाव कमी केले’ या सहा अक्षरी कुऱ्हाडीकडे येतो. कारखान्यांच्या स्थायी आदेशांत एक जुने कलम आढळते. रजा संपूनही आठ दिवसांत माणूस परतला नाही तर त्याचा नोकरीवरचा हक्क गेला. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटक गिरणीतला एक कामगार आजारी पडला, परत आला, वैद्यकीय दाखला दाखवला. तरी १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल गिरणीच्या बाजूने दिला. आठ दिवस उलटले, कलम आपोआप लागू झाले, ही काढण्याची शिक्षाच नव्हे, असा त्याचा अर्थ. त्या निकालाच्या आधाराने पुढे किती जणांची नावे पुसली गेली असतील, त्याचा विचार करवत नाही.

हळूहळू वारा फिरला. १९७७ साली दिल्ली क्लॉथ मिलच्या खटल्यात न्यायालय म्हणाले की पटावरून नाव काढणे हीसुद्धा कामगार-कपातच आहे. १९८२ साली दक्षिण रेल्वेतल्या रॉबर्ट डिसूझा यांच्या प्रकरणात हेच गैरहजेरीच्या कारणालाही लागू केले. कपात म्हटली की नोटीस आली आणि वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई आली. मग ७ मे १९९३ चा डी. के. यादव या कामगाराच्या खटल्यातला निकाल. ३ डिसेंबर १९८० पासून आठ दिवसांहून अधिक गैरहजर, म्हणून १२ डिसेंबरच्या पत्राने नोकरी संपली. यादव यांचे म्हणणे असे, की मी रोज येत होतो, दारावरून मला आत सोडले जात नव्हते. न्यायालयाने सांगितले की स्थायी आदेशात काहीही लिहिलेले असो, माणसाची पोटाची सोय काढून घेण्याआधी त्याला बाजू मांडू दिलीच पाहिजे. यादव परत कामावर गेले, मागच्या पगारापैकी निम्मा त्यांना मिळाला. या खटल्याविषयी मी तासभर बोलू शकेन. वेळ नाही म्हणून एवढेच म्हणतो, की १९६३ ते १९९३ या तीस वर्षांत न्यायालय एका प्रश्नापर्यंत पोचले. तो प्रश्न अक्काच्या कारखान्यातला कोणीही मुकादम विचारू शकला असता. “का आली नव्हतीस?”

पुढे २०१२ साली कृष्णकांत परमार या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. गैरहजेरी जाणूनबुजून होती, हे सिद्ध झाल्याशिवाय तिला गैरवर्तन म्हणता येणार नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने बेकारी भत्त्याच्या एका दाव्यात १९४१ सालीच असे म्हटले होते, की चुकणे आणि जाणूनबुजून मालकाचे नुकसान करणे या निराळ्या गोष्टी आहेत, आणि भत्ता नाकारायचा तो दुसऱ्या गोष्टीसाठी.

भत्त्याचे नाव निघाले, तर आपल्याकडची गोष्ट सांगतो, आणि माझी खरी तक्रार इथेच आहे.

आपल्या देशात बेकारी भत्ता नाही असे पुष्कळांना वाटते. आहे. तोही विम्यातूनच. १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली, ती कारखाना बंद पडलेल्यांसाठी, कपात झालेल्यांसाठी आणि कायमचे अपंगत्व आलेल्यांसाठी. १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. तीत जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. दर आधी सरासरी रोजच्या २५ टक्के होता, कोविडमध्ये ५० टक्के झाला. अक्काचा रोज ४०० रुपये धरा. २०० रुपयांप्रमाणे ९० दिवसांचे १८,००० रुपये होतात. नवे काम शोधायला तीन महिन्यांची उसंत. पण अट अशी की नोकरी गैरवर्तनाच्या शिक्षेमुळे गेलेली नसावी, आणि ती स्वतःहून सोडलेलीही नसावी.

आता पुन्हा तिच्या कागदाकडे बघा. मालकाने ‘गैरवर्तनाबद्दल’ लिहिले, दार बंद. लिहिले नसते आणि तिच्याकडून राजीनाम्यावर सही घेतली असती, तरी दार बंद. खाड्यांमुळे नोकरी गेलेल्या माणसाला सोलापुरात सहसा या दोनपैकीच एक कागद मिळतो. चौकशी झालेली नसते, आरोपपत्र दिलेले नसते, पण गैरवर्तन मात्र झालेले असते. माझे म्हणणे स्पष्ट आहे. चौकशीशिवाय लिहिलेला ‘गैरवर्तन’ हा शब्द विमा महामंडळाने भत्त्यापुरता मानूच नये. वर्गणी कामगाराने भरली आहे, मालकानेही भरली आहे. त्यातून मिळणारा हक्क एकट्या मालकाच्या लेखणीने जाऊ नये.

ग्रॅच्युइटीचे तसे नाही, आणि हे मी मुद्दाम मोठ्याने सांगतो. १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटी जप्त करण्याची कारणे मोजून दिली. मालकाचे नुकसान केले तर तेवढ्यापुरती, दंगा किंवा हाणामारी केली तर, नोकरीत असताना नैतिक अधःपतनाचा गुन्हा केला तर. खाडा त्यात नाही. पाच वर्षे भरली आणि खाड्यांनी नोकरी गेली, तरी ग्रॅच्युइटी तुमची आहे. शेवटच्या पगाराला २६ ने भागा, १५ ने गुणा, मग वर्षांनी गुणा. अक्काचा पगार १०,४०० रुपये. दिवसाचे ४००, पंधरा दिवसांचे ६,०००, नऊ वर्षांचे ५४,०००. मालक म्हणत होता, एवढे खाडे करणारीला कसली ग्रॅच्युइटी. तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरेच तसे वाटत होते. फंडाचे पैसेही तसेच तुमचे असतात, ते कोणी रागाने अडवू शकत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि मी सांगितलेल्या बऱ्याच जुन्या कायद्यांची नावे गेली. वर्षाला पंधरा दिवसांची कपात-भरपाई आणि ग्रॅच्युइटी नव्या पुस्तकांतही आहेत. एक बदल मात्र सोलापूरला जड जाणार आहे. लेखी स्थायी आदेशांची सक्ती आता ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांनाच आहे. महाराष्ट्रात ती पूर्वी ५० कामगारांपासून होती. आमच्या चादरी आणि टॉवेल, ज्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, ते विणणाऱ्या किती शेडमध्ये ३०० माणसे असतात? रजा कशी मागायची, किती खाड्यांना काय शिक्षा, आधी विचारायचे की नाही, हे सगळे मालकाच्या मनावर आले.

आणि जिथे मस्टरच नाही तिथे? विडी वळणाऱ्या बायकांविषयी बोलल्याशिवाय या शहरातल्या खाड्याचे व्याख्यान पुरे होत नाही. त्या घरी वळतात, कारखान्यातून पान, तंबाखू, दोरा आणतात, हजाराच्या हिशेबाने विड्या देतात. बाळंतपण, मोडलेला हात, गावाकडचे मरण, काहीही झाले की विड्या कमी भरतात, आणि एक दिवस कारकून म्हणतो, पान बंद. तिला कोणी काढत नाही, नुसते पान देत नाही. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात सहा महिने काम केलेल्याला योग्य कारण आणि महिन्याची नोटीस दिल्याशिवाय काढता येणार नाही, असे लिहिले होते. घरी वळणारीही कामगारच, तिलाही फंड लागू, हे सर्वोच्च न्यायालयाने ऐंशीच्या दशकात मान्य केले. सोलापूरच्या बायकांनी त्या हक्कांसाठी किती मोर्चे काढले हे इथे सांगायला नको. कुंभारीला त्यांनी आपली घरेही उभी करून घेतली. पण ‘पान बंद’ला आजही कागद नसतो. कागद नसला की काय घेऊन दाद मागायची? म्हणून मी त्यांना नेहमी सांगतो, ज्या दिवशी पान मिळाले नाही त्या दिवशी घरी येऊन तारीख लिहून ठेवा. वहीत, भिंतीवर, कुठेही.

तारखेसारखेच मुदतीचेही भान हवे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथेच्या तक्रारीला नव्वद दिवस दिले. माणसे चौथ्या महिन्यात येतात. आधी मालकाच्या पाया पडतात, मग मुकादमाच्या, मग गल्लीतल्या पुढाऱ्याच्या. पाया पडण्यात नव्वद दिवस जातात.

अक्का मात्र अकराव्या दिवशी आली होती. कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात आम्ही समोरासमोर बसलो. मालकाच्या वतीने आलेल्या माणसाने मस्टर टेबलावर ठेवले. तिने शेजारी कालनिर्णय उघडले. अधिकारी मस्टरवर एका फुलीवर बोट ठेवायचे आणि ती कालनिर्णयाच्या चौकोनावर बोट ठेवून सांगायची. “हे पाणी. हे सासूचं. हे पण पाणी.” जुलैशी आल्यावर तिने टाचणी काढून दाखला हातात दिला. अधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला आणि मालकाच्या माणसाला विचारले, “ही आजारी होती हे तुम्हाला माहीत होतं?”

“आम्ही विचारलं नव्हतं,” तो म्हणाला.

नोकरी परत मिळाली नाही. तिलाही तिथे जायचे नव्हते. चोपन्न हजारांचा धनादेश मिळाला. ‘गैरवर्तन’ हा शब्द काढून ‘कपात’ असा दुरुस्त कागद मिळवायला आणखी चार महिने गेले. तो घेऊन ती विम्याच्या शाखेत अर्ज भरायला निघाली त्या दिवशी तिच्या गल्लीत नळ आला. अर्धी पिंपे भरून, उरलेले काम शेजारणीवर सोपवून ती ओल्या पदरानेच आली. अर्जात एक रकाना होता, नोकरी जाण्याचे कारण. तो भरण्याआधी तिने मला तो कागद पुन्हा एकदा वाचून दाखवायला सांगितला.